नाक मुरडणाऱ्या लोखंडे सिस्टर

लोखंडे सिस्टरांना घाण चालायची. ओकारी, पू, रक्त, आठ दिवसांचं बँडेज सोडल्यावर येणारा वास, सगळं चालायचं. एकदा एका म्हाताऱ्याच्या पायातले किडे त्यांनी अर्धा तास बसून चिमट्याने एकेक करून काढले, मग साबणाने हात धुतले आणि तिथेच बाकावर डबा उघडून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. मी नवा होतो. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि वरच्या खिशात दोन मोबाइल असा एखादा माणूस वॉर्डात शिरला, की त्यांचं नाक डावीकडून वर चढायचं आणि तोंडातून बारीकसं "शी" निघायचं. ते ऐकू येईल की नाही याची त्यांनी कधी फिकीर केली नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बंधपत्राचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी नोकरीचे दिवस काढत होतो. नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडत नाही. महामार्ग अगदी फाटकाजवळून जायचा, त्यामुळे अपघात आमच्याकडेच यायचे. मी एमबीबीएस होऊन सहा महिने झाले होते आणि सिस्टरांची नोकरी पंचवीस वर्षांची. त्या मूळच्या परळीकडच्या, धर्मापुरीच्या. उंची बेताची, अंगाने आडव्या, केस कायम करकचून बांधलेले. कोणी अंबाड्याचं कौतुक केलं तर म्हणायच्या, मोकळे केस जखमेत पडतात.

पहिल्याच दिवशी अपघात विभागातल्या टेबलाचा खण उघडला तर आत कागदांचा गठ्ठा. "पुढील उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठविण्यात येत आहे." खाली शिक्का, आधीच्या डॉक्टरची सही, आणि रुग्णाच्या नावाची जागा रिकामी. म्हणजे पेशंट यायच्या आधीच त्याला हाकलून द्यायची तयारी करून ठेवलेली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहायला लाज वाटते. मला उलट बरंच वाटलं, काम सोपं झालं म्हणून. सिस्टर माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी गठ्ठा उचलला, वरचे चार कागद घेऊन टेबलावर सांडलेलं आयोडीन पुसलं आणि बाकीचे परत ठेवून दिले.

"रेफर म्हंजी काय, म्हाईत हाय का डॉक्टर? आपल्या दारातलं मढं शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं, आन वर इचारायचं, तुमच्याकडं मेलं कसं म्हून."

मग नाक मुरडलं. माझ्याकडे बघून. मी चिडलो. पण आमचे वॉर्डमामा, दगडूमामा, साठीला आलेले, सिस्टरांना पुरते ओळखून होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, सर, बाई नाक मुरडती तोवर चांगलं समजायचं. ज्याच्याकडं बघून नाक मुरडायचं तिनं सोडलं, तो माणूस तिच्या लेखी गेला.

सिस्टरांच्या ॲप्रनच्या खिशात एक पट्टी असायची. जुन्या इरकलीचा काठ कापून केलेली, चार हात लांब, तिच्यावर ठरावीक अंतरावर रंगीत दोऱ्याच्या गाठी. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना परदेशी पट्टी दाखवली होती. जखमी लेकराला वजनकाट्यावर उभं करता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी पट्टी अंथरायची. टाच जिथे येईल त्यावरून वजनाचा अंदाज, आणि वजनावरून औषध किती, सलाइन किती, श्वासाची नळी केवढी. "पट्टी मिळेल" असं तेव्हा प्रशिक्षणाच्या साहेबांनी सांगितलं होतं. ती आली नाही. तेव्हा सिस्टरांनी गावातल्या अंगणवाडीत जाऊन सगळी पोरं मोजली, तोलली आणि आपली पट्टी आपण केली. पिवळी गाठ, हिरवी गाठ, लाल गाठ. कुठल्या गाठीला किती हे दगडूमामांनासुद्धा पाठ होतं.

दर गुरुवारी दुपारी ओपीडी संपली की कवायत. अर्धं पोतं ज्वारी घ्यायची, तोंड बांधायचं, वर चिंध्यांचं डोकं बसवायचं. त्या पोत्याचं नाव बाळ्या. बाळ्या ट्रॅक्टरखाली आला, बाळ्या विहिरीत पडला, बाळ्याला म्हशीने उडवलं. दर आठवड्याला बाळ्यावर नवं संकट. दगडूमामांनी डोक्यामागे उभं राहून दोन्ही हातांनी मान धरायची, दोघांनी अंग धरायचं, आणि सिस्टर तीन म्हणाल्या की सगळ्यांनी एका दमात कुशीवर वळवायचं, पाठ बघायची, परत सरळ. बाळ्याची मान जरा जरी वाकडी झाली की पहिल्यापासून. मी एकदा हसलो तर मला बाळ्याशेजारी जमिनीवर झोपवलं आणि माझ्यावर कवायत केली. तेव्हा कळलं, मान नीट धरली नाही तर खालच्या माणसाला काय वाटतं.

आणि केळ्यांचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात एक नेते होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या वाढदिवसाला रुग्णांना फळवाटप असायचं. वाटप म्हणजे एक केळं, ते धरायला आठ हात, खाली बाजेवर तापाने फणफणलेली बाई, आणि समोर फोटोवाला. फोटो नीट आला नाही तर तेच केळं परत घेऊन परत द्यायचं. त्या वर्षी एका बाळंतिणीचं केळं तीनदा मागून घेतलं. चौथ्या वेळी सिस्टरांनी ते तिच्या हातातून घेतलं, सोललं, तिला भरवलं आणि साल भाऊसाहेबांच्या माणसाच्या हातात ठेवली. "आता काढा," म्हणाल्या. सगळे हसले, भाऊसाहेबही हसले. असल्या माणसांचं हसणं फार लक्षात ठेवण्यासारखं असतं.

मार्च संपत आला होता. साखर कारखान्यांचे पट्टे पडले होते, गाळप संपलं होतं, आणि ऊसतोडीच्या टोळ्या घरी परतत होत्या. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. ओपीडी नुकती सुरू झाली होती. फाटकातून एक जीप आत आली आणि पाठोपाठ पांढऱ्या गाड्या. जीपमधून एक बाई उतरली, तिच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी, मान लटकती, एक पाय भलतीकडेच वळलेला. बाईचं नाव मंगल, तलवाड्याच्या बाजूची. मुलगी आरती. बाप अजून कारखान्यावर होता. भांडीकुंडी, चुली, शेळ्या आणि वर माणसं अशा ट्रॉलीत आरती झोपली होती. गतिरोधकावर ट्रॉली उसळली, ती खाली पडली आणि मागचं चाक तिच्या कमरेजवळून घासत गेलं.

पोरगी रडत नव्हती. सिस्टरांचं ठरलेलं बोलणं होतं, वरडतंय ते लेकरू मागं राहू द्या, गप पडलंय ते आधी घ्या. एरवी कधी न धावणाऱ्या सिस्टर धावल्या. दगडूमामांनी मान धरली आणि पोरीला आईच्या खांद्यावरून टेबलावर घेतलं. सिस्टरांनी कात्रीने सगळे कपडे उभे कापले. कानामागच्या जखमेवर घडी दाबली, तोंडातलं रक्त ओढून काढलं, ऑक्सिजन लावला. तोंडाला चहाचा वास होता. कोणीतरी तिला हुशारी यावी म्हणून चहा पाजला होता.

"पडल्याला किती येळ झाला?" सिस्टरांनी मान वर न करता विचारलं.

टोळीचा मुकादम दाराशी उभा होता. त्याने सांगितलं, आठला पडली. जिथे पडली तिथून आमचा दवाखाना दहा मिनिटांवर. मग इतका वेळ कुठे होतात, असं मी ओरडलोच.

"भाऊसायबाच्या वाड्यावर गेलतो," तो म्हणाला. "फोन नसला तर हितं कोण हात लावतंय, सर? पूजेत होते. पाऊण तास वसरीवर बसलो."

पाऊण तास. पोटात रक्तस्राव होत असलेलं लेकरू आईच्या मांडीवर, ओसरीवर, आत घंटी वाजतेय, आणि बाहेर चहा. कोणी अडवलं नव्हतं, कोणी दुष्टपणाने वागलंही नव्हतं. शिरस्ताच तसा होता. आधी तिकडे जायचं, पाया पडायचं, फोन घ्यायचा, मग दवाखाना. आणि मुकादमाचं काय चुकलं? खण भरून कोऱ्या सह्या ठेवणाऱ्या आम्हा लोकांनीच त्याला ते शिकवलं होतं. मला आजही ती ओसरी डोळ्यांपुढे दिसते, आणि मी ती पाहिलेलीसुद्धा नाही.

सिस्टरांनी पट्टी अंथरली. टाच हिरव्या गाठीवर. "ईस किलो," दगडूमामा म्हणाले. मी मात्र खणाशी होतो. हो, खणाशी. मांडी मोडलेली, पोट फुगलेलं, डोक्याला मार, श्वास असा की जणू पळत आली आहे. हे आपल्याच्याने होणार नाही, मोठ्या दवाखान्यात जाऊ दे, असं मनाशी म्हणत मी त्या गठ्ठ्यातल्या कागदावर आरतीचं नाव लिहीत होतो. "आरती" लिहून झालं होतं, आडनाव विचारायचं राहिलं होतं.

"डॉक्टर, कागद ठिवा. सुई घ्या."

त्यांनी बोटाने छाती दाखवली. उजवी बाजू वरखाली होत होती, डावी फुगून तशीच थांबली होती. मानेच्या शिरा तटतटलेल्या. फुप्फुसाबाहेर हवा कोंडली होती, हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. ती बाहेर काढली नसती तर लेकरू फाटकापर्यंतसुद्धा पोचलं नसतं, आणि मी तिला दीड तासाच्या रस्त्याला लावायला निघालो होतो. सिस्टरांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधली जागा कापसाने पुसून ठेवली होती. मी सुई घातली. हवा फुस्स करून बाहेर आली. डावी बाजू हलली.

नेमकं तेव्हा भाऊसाहेब आत आले. चपला घालून, दहाबारा माणसं, चार मोबाइल वर धरलेले. "कोण बघतंय पेशंटला? काय पाहिजे ते द्या, वर माझं बोलणं झालंय," असं ते मोबाइलकडे तोंड करून म्हणाले. एक जण पोरीचं तोंड दिसावं म्हणून ऑक्सिजनचा मास्क बाजूला करायला वाकला. खरंच वाकला. मी सुई धरून नुसता बघत होतो. दगडूमामांचे दोन्ही हात मानेवर, सिस्टरांचा एक हात जखमेवर. सिस्टरांनी दुसऱ्या हाताने त्या माणसाचं मनगट धरून बाजूला केलं आणि मान वळवून भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या,

"तुमी समदे भाईर व्हा. मला मळमळायलंय."

किडे काढून भाकरी खाणारी बाई. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत नव्हतो, पण दगडूमामा ओळखत होते, आणि तेही दचकले. चार मोबाइलमध्ये ते वाक्य गेलं. मग मंगल, जी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, ती पुढे आली आणि दोन्ही हात पसरून त्या माणसांना दाराकडे लोटू लागली. ज्यांच्या पाया पडून आली होती त्यांनाच. दार लागलं.

पुढची वीस मिनिटं बाळ्याची कवायत होती. हाताची शीर सापडेना, तेव्हा न मोडलेल्या पायाच्या नडगीच्या हाडात जाड सुई घालून त्यातून सलाइन, हिरव्या गाठीचं माप. कमरेभोवती दुहेरी चादर घट्ट बांधली. मांडीला फळी. एक, दोन, तीन, कुशीवर, पाठ बघितली, परत सरळ. साखर तपासली. रक्त गेलेलं लेकरू गार पडलं की रक्त गोठत नाही, म्हणून मामांच्या घरची वाकळसुद्धा अंगावर आली. मी मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनला फोन लावला, तर काय काय सांगायचं ते सिस्टर मागून सांगत होत्या, आणि रक्ताची सोय करून ठेवा हे त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन स्वतः सांगितलं. आरतीने डोळे उघडले आणि "आये" म्हणाली.

"आता लिवा तुमचा कागद," सिस्टर म्हणाल्या. "आता हे लेकरू पाठवण्याजोगं झालं." आणि नाक मुरडलं. मला ते फार बरं वाटलं. रुग्णवाहिकेत त्या स्वतः बसून गेल्या, मंगलला शेजारी बसवून.

आरती वाचली. तिची पोटातली फुटलेली प्लीहा काढावी लागली, पाय जुळला. आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या फाटकासमोर पंधरा फुटी फलक लागला. भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात खाटेवरची आरती, नाकात नळी. "भाऊसाहेबांच्या तत्परतेमुळे चिमुकलीला जीवदान." फलकाखाली पत्र्याचा गाळा, त्यांचं रुग्णसेवा कार्यालय. तिथे आता फोनऐवजी भाऊसाहेबांची चिठ्ठी मिळू लागली. पूजा संपेपर्यंत थांबायला नको, एवढीच काय ती सुधारणा. लोक गाळ्यापुढे रांग लावायचे आणि चिठ्ठी घेऊन आमच्याकडे यायचे. मी कोणाकडेही चिठ्ठी मागत नव्हतो, पण कोणी दिली तर ठेवून घेत होतो.

आणि चौकशी आली. लोकप्रतिनिधीशी असभ्य वर्तन. चित्रफीत होतीच, पण तिच्यात आधीचं काही नव्हतं. मास्ककडे गेलेला हात नव्हता, फक्त सिस्टरांचं तोंड आणि ते वाक्य. माझा जबाब महत्त्वाचा होता. मी रात्रंदिवस विचार केला वगैरे काही नाही, विचार करायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझा बंधपत्राचा काळ संपत आला होता, पुढे पदव्युत्तरला जायचं होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सदर वेळी मी रुग्णावर उपचार करीत असल्याने कोणतेही संभाषण माझ्या कानावर आले नाही." दगडूमामांनी अंगठा उठवून सगळं खरं सांगितलं. अंगठेबहाद्दराचं कोण ऐकतो? सिस्टरांची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली, जिथे अपघात विभागच नाही, तिथे.

त्यांच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मंगल आली. सोबत आरती, काठी टेकत, आणि कडेवर धाकटी, तापाने लाल झालेली. मंगल सिस्टरांच्या पाया पडली. मग पदराची गाठ सोडली आणि आतून घडी केलेली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली.

"आधी गाळ्यावर जाऊन आणली, बाई. मागल्या खेपेला येळ गेला ना, म्हून आता आधीच आणली. दीड घंटा लाईनीत व्हते."

मी सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होतो, नाक हललं नाही. त्यांनी धाकटीला माझ्याकडे दिलं. मी औषध पाजलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं, ताप जरा उतरला. तोवर त्यांनी आरतीला टेबलावर निजवून शेजारी पट्टी अंथरली. टाच हिरव्या गाठीच्या बोटभर पुढे गेली होती. मग पट्टी गुंडाळून दगडूमामांच्या हातात दिली आणि मंगलला म्हणाल्या, चल.

त्यांची बॅग फाटकाशी ठेवलेली होती. एसटी यायची होती. त्यांनी मंगलला धाकटीसकट रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं, जीप थांबते तिथे. आणि सांगितलं, समज लेकरू आत्ताच पडलंय. ये.

मंगल निघाली. गाळ्यापाशी आली आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

"पहिल्यापासून," सिस्टर म्हणाल्या.

गाळ्यातली माणसं खुर्च्या पुढे ओढून बघू लागली. दुसऱ्या खेपेला मंगलने पाय वळवला नाही, पण मान वळली. सिस्टरांनी तिला पुन्हा रस्त्यापलीकडे नेलं. ऊन मी म्हणत होतं. मी दारातून फाटकापर्यंत गेलो. मला सांगायचं होतं. म्हणालो, सिस्टर, तो जबाब मी...

"वाचलाय मी," त्या म्हणाल्या. "अक्षर लई चांगलं हाय तुमचं. जा, दारात उभं ऱ्हावा. ती आली की लेकरू घ्यायचं. काही इचारायचं न्हाई."

मी दारात जाऊन उभा राहिलो. एसटी आली, थांबली, कंडक्टरने बॅग आत घेतली आणि घंटी मारली. सिस्टर चढल्या नाहीत. मंगल तिसऱ्यांदा निघाली. गाळा आला, गेला. फलक आला, त्यावर तिचीच पोरगी खाटेवर झोपलेली, तोही गेला. सरळ फाटकातून, सरळ पायऱ्या चढून तिने धाकटीला माझ्या हातांत दिलं. मी घेतलं आणि वर बघितलं.

सिस्टर एसटीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या मंगलच्या पायांकडे बघत होत्या, आणि त्यांनी एकदा मान डोलावली. मग नजर माझ्यावरून गेली, दगडूमामांवर थांबली, तिथून गाळ्याकडे गेली, आणि गाळ्याकडे बघून नाक डावीकडून वर चढलं, नेहमीसारखं. मी लेकरू घेऊन तसाच उभा होतो. एसटी सुटेपर्यंत वाट पाहिली. माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं नाही.